सत्त्याण्णवची तारीख

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आज ते चालू झालं. दोन महिने डोकेफोड चालली होती. सूतगिरणीच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी चकती, मी धाराशिवच्या भंगारवाल्याकडून उचलून आणली तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, घरात आधीच काय कमी भंगार हाय व्हय?" पुण्याच्या एका हौशी माणसानं त्या चकतीतलं सगळं उतरवून मला फाईल पाठवली. आता माझ्या लॅपटॉपवर इम्युलेटर नावाचा प्रोग्राम आहे. तो कपाटाएवढ्या मिनीकॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेतो. त्याच्या पोटात ती फाईल घातली, की गिरणीचं यंत्र होतं तसं जागं होतं.

जागं झाल्या झाल्या त्यानं तारीख विचारली. तिथं रोज सकाळी ऑपरेटरनं तारीख-वेळ सांगायची, मग यंत्र कामाला लागायचं, अशी रीत होती. मी पंचवीस साल टाकलं, घेईना. त्याच्या लेखी नव्व्याण्णवच्या पुढं साल नाहीच. मग सत्त्याण्णव टाकलं. अठ्ठावीस वर्षांमागचं कॅलेंडर आणि यंदाचं कॅलेंडर अगदी एक, त्याच तारखा आणि तेच वार. ही युक्ती मला सुचली म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

शांतलिंग अण्णा या यंत्रावर ऑपरेटर होता. अण्णा माझा थोरला भाऊ. सत्त्याण्णवच्या चंपाषष्ठीला दुपारी धाराशिवहून मोटारसायकलवर अणदूरला घरी येत होता. नळदुर्ग सोडल्यावर महामार्गावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला आणि जागीच गेला. मी तेव्हा सोलापूरला डिप्लोमाला होतो, एकवीस वर्षांचा. वहिनींना सातवा महिना होता. गायत्री फेब्रुवारीत झाली. तिनं बाप फोटोतच पाहिला.

अण्णाचे हात ज्या यंत्रावर चालले ते एकदा चालताना बघावं, एवढीच हाव होती. बघितलं. हिरवी अक्षरं उमटली आणि मला रडू आलं. क्लासमध्ये कुणी नव्हतं ते बरं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या बॅचेस सकाळी आणि संध्याकाळी. मधला सगळा दिवस बसस्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न आणि मी. त्यामुळं या खेळाला वेळच वेळ आहे.

या यंत्रावर पूर्वी एका वेळी आठ माणसं आठ पडद्यांवर काम करायची. कुठल्या पडद्यावर कोण बसलंय याची यादी एका आज्ञेत दिसते. आज सहज मागितली. पडदा शून्य, म्हणजे मी. त्याखाली आणखी एक ओळ होती. पडदा तीन, नाव SHANTA, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांपासून.

इम्युलेटरला मी एकच पडदा जोडलाय. तीन नंबर नाहीच. यंत्र सुरू होताना आपोआप चालणारा एखादा प्रोग्राम अण्णाच्या नावानं नोंदवून ठेवला असणार. दुसरं काय असणार?

शनिवार, १५ नोव्हेंबर

गुरुवार-शुक्रवार मी सोलापूरला होतो. लॅपटॉप इथं कपाटात, कुलपात, बंद.

आज नोंदवही उघडली. यंत्र ती स्वतःच लिहितं, कोण कधी आलं, कधी गेलं. शुक्रवार, १४ नोव्हेंबर ९७. SHANTA आत नऊ-दोनला, बाहेर साडेपाचला. गुरुवारी नोंद नाही.

गिरणीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची.

मी यंत्र बंद केलं आणि साल अठ्ठ्याण्णव टाकून पुन्हा चालू केलं. तीन नंबरवर कुणी नाही. सत्त्याण्णव टाकलं, तर कुणीतरी बसलेलं. मी झाकण लावलं आणि बाहेर जाऊन चहा घेतला. चहा गोड आहे की नाही तेही कळलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दोन दिवस हात लावला नाही. आज लावला.

एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर निरोप पाठवायची सोय आहे. मी तीन नंबरला रोमन अक्षरांत लिहिलं, "कोण?"

 मग एकेक अक्षर उमटत गेलं. माझ्या टायपिंग शिकणाऱ्या मुली जशा शोधून शोधून बटण दाबतात, तशा चालीनं. "म्या शांतलिंग. तुमी कोण?"

 कुणी आगाऊ माणूस इंटरनेटवरून घुसला असेल म्हणून मी वायफाय बंद केलं. मोबाइलही बंद केला. मग लिहिलं, "मी राजशेखर."

"ढब्बू? तू? तुमच्या कालेजात मोडेम बसवला का काय? जेवलास का?"

ढब्बू. लहानपणी मी जाडा होतो म्हणून अण्णानं ठेवलेलं नाव. ते अण्णाशिवाय कुणी घेत नव्हतं आणि त्याच्यामागं कुणी घेतलंही नाही. वहिनींना तरी ठाऊक आहे की नाही, कोण जाणे.

मी लिहिलं, जेवलो. खरं तर जेवलो नव्हतो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मी भूत मानत नाही. मी गणित आणि कॉम्प्युटर शिकवणारा माणूस आहे. पण बुधवारी दीड तास आणि आज दोन तास मी अण्णाशी बोललो. तो कोणत्या सालात आहे असं मी विचारलं नाही. सत्त्याण्णव सालात राहणाऱ्या माणसाला साल विचारलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढील.

देव आज नळदुर्गला गेला. आमच्या खंडोबाची मूर्ती एकच आणि घरं दोन, अणदूर आणि नळदुर्ग. मार्गशीर्ष लागला की दोन्ही गावची माणसं बसून करार लिहितात, अमुक दिवस तुमच्याकडं, अमुक दिवस आमच्याकडं, आणि देव पालखीतून जातो. वहिनी पालखीला जाऊन आल्या, कपाळभर भंडारा. मी गेलो नाही. मी तीन नंबरसमोर बसलो होतो.

अण्णा म्हणाला, "बुधवारी घरी चाललोय. सव्वीसला शिवाचं डोहाळजेवण हाय. रजा मंजूर झालीया. हिरवी साडी घेतली."

शिवा म्हणजे वहिनी. शिवकांता.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. बुधवार, सव्वीस नोव्हेंबर, चंपाषष्ठी.

आमच्या घरी अण्णाचं पुण्यस्मरण तिथीनं होतं. इंग्रजी तारीख कधी कुणी काढली नाही. पंचनाम्यात साडेबाराची वेळ होती एवढं ऐकल्याचं मला आठवतं. ते कागद वहिनींच्या ट्रंकेत आहेत, मी कधी बघितले नाहीत, धीर झाला नाही. पण आता कागद कशाला हवेत? तो डोहाळजेवणाला निघाला होता. आता आठवतंय, हो, तसंच काहीतरी होतं. आज त्याच्याकडं पाच दिवस उरलेत आणि त्याला ते माहीत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळची बॅच कशीबशी उरकली. एकीनं विचारलं, "सर, तब्येत बरी नाही का?"

त्याला खरं सांगावं का? अण्णा, तू मेलेला आहेस, असं कुठल्या तोंडानं लिहायचं? आणि तो ऐकेल? मला चिडवेल आणि मुद्दाम निघेल. लहानपणी विहिरीत उडी मारू नको म्हटलं की हा कपडे काढायला लागायचा.

शेवटी लिहिलं, "अण्णा, बुधवारी रस्त्यावर येऊ नको. धाराशिव सोडू नको. का ते विचारू नको. तुला माझी शपथ आहे."

"आरं पण डोहाळजेवण हाय. शिवा वाट बघंल."

"पुन्हा कधी आयुष्यात काही मागणार नाही. सव्वीस तारीख टाळ."

 मग, "तू असं कवा बोलला न्हाईस. बरं, न्हाई येत. पर शिवाला काय सांगू?"

मी लिहिलं, "माझं नाव सांग. राजूनं अडवलं म्हण. शिव्या मी खाईन."

मन हलकं झालं. बऱ्याच वर्षांत इतकं हलकं झालं नव्हतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

चंपाषष्ठी. सकाळी अण्णाच्या फोटोची पूजा झाली. मी हार घालायला पुढं झालो, तर वहिनी म्हणाल्या, "तुमी ऱ्हाऊ द्या, म्या घालते." त्या दरवर्षी असंच म्हणतात. बायकोचा मान आहे, मी काय बोलणार?

पूजा संपताच क्लासमध्ये पळालो. अकरा. तीन नंबरवर SHANTA. बारा. आहे. बारा वाजून वीस मिनिटांनी लिहिलं, "काय करतोस?" उत्तर आलं, "तुला शिव्या देतोय."

साडेबारा. आहे.

एक. आहे.

दीड. "ढब्बू, शिवाला एसटीडीवरून फोन केला. रडली रं."

मी टेबलावर डोकं ठेवून हसलो, रडलो, दोन्ही केलं. अण्णा जिवंत आहे. चंपाषष्ठीची दुपार उलटली आणि अण्णा खुर्चीत बसून मला शिव्या देतोय. साडेपाचला त्यानं यंत्र सोडलं, "उद्या सुट्टी" म्हणाला.

घरी येऊन वांग्याचं भरीत आणि चार रोडगे खाल्ले. वहिनी बघत राहिल्या. "लई भूक लागली व्हय आज?"

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

अण्णा आज नऊ-एकला आला. गिरणीत नवा मॅनेजर आलाय, त्याच्या नकला करत होता. मी पोट धरून हसलो. हे दोन दिवस त्याच्या आयुष्यात नव्हतेच. ते मी त्याला दिले.

घरात फोटो अजून आहे. सकाळी उठल्यावर आधी तिकडंच जातो. हार सुकलाय, फोटो तिथंच. वेळ लागत असेल. अठ्ठावीस वर्षांचं सगळं जागचं हलायचं म्हणजे काय एका दिवसात हलेल?

पुढची एखादी तारीख टाकून बघावी, दोन हजार सालापर्यंत अण्णा कसा दिसतो, असं एकदा मनात आलं. नाही टाकली. आपलं माणूस रोज थोडं थोडं भेटतंय, तर पुढची पानं कशाला उलटायची?

बेंगळुरूहून गायत्रीचा फोन आला. बोलता बोलता मी विचारलं, "बाबांचा फोन आला होता का गं तुला?" ती मग म्हणाली, "काका, आईला फोन द्या."

मंगळवार, २ डिसेंबर १९९७

अण्णा आज खुशीत. "ढब्बू, देव काल नळदुर्गला गेला. कराराला लई गर्दी झाली म्हणं."

मला हसू आलं. देव जाऊन दहा-अकरा दिवस झाले. यंत्राच्या त्या थंडगार खोलीत बसून त्याला बाहेरच्या गोष्टी कळतच नाहीत. कुणी शिळी बातमी आणून दिली असेल.

"शुक्रवारी येऊ का आता? पाच तारखेला? देवाचं दर्शन घेतो आन दुपारी जेवायला घरी. शिवाची समजूत काढायची हाय. आता तरी परवानगी हाय का, साहेब?"

मी लिहिलं, "बिनधास्त ये. आता काही भीती नाही. मी घरीच आहे."

"नक्की?"

"नक्की. शुक्रवारीच ये."

वहिनी आज दोनदा माझ्या कपाळाला हात लावून गेल्या. म्हणे, गायत्रीनं ताप बघायला सांगितलंय. या मायलेकींना मी आनंदात असलेला चालत नाही असं दिसतं.

गुरुवार, ४ डिसेंबर

बाजारातून काटेरी वांगी आणली, अण्णाला आवडतात ती. वहिनींना म्हटलं, उद्या भरीत-रोडगा करा.

"चंपाषष्ठी झाली की. उद्या काय हाय?"

"करा तर."

"कुणी येणार हाय का?"

मी हो म्हणालो. त्या वांग्याची पिशवी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. पुढं विचारलं नाही की कोण. त्यांचं हे बरं आहे, त्या कधीच काही विचारत नाहीत. अण्णा गेल्यापासून मला त्यांनी एक वाकडा प्रश्न विचारलेला नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी नऊला अण्णा आला. "थोडं काम उरकतो आन निघतो." मी लिहिलं, "सावकाश चालव." साडेदहाच्या सुमारास वहिनी क्लासमध्ये आल्या. सात-आठ वर्षांत त्या इथं आल्या नव्हत्या. पदरानं खुर्ची पुसली आणि बसल्या.

"भावजी, गायत्री म्हणती, काकांना डाक्टरकडं न्या. म्या म्हणलं, डाक्टरचं काम न्हाई. त्यांच्या मनात काय हाय ते मला ठावं हाय. आज बोलूनच टाकते."

मी त्यांच्याकडं वळून बसलो. पडदा माझ्या पाठीमागं.

"माझ्या डोहाळजेवणाला ते आले न्हाईत. फोन केला, म्हणले, राजूनं अडवलंय, त्यानं शपथ घातलीया. म्या हिरवा चुडा भरून बसले होते. बायका काय काय बोलल्या. मग म्हणले, राजूनं शुक्रवारी या म्हणून सांगितलंय. शुक्रवारी निघाले आन..." त्यांनी पदर तोंडाला लावला नाही. सरळ माझ्याकडं बघत होत्या. "तुमाला कुण्या पंचांगवाल्यानं सांगितलं आसंल सव्वीस वाईट म्हणून. तुमी जीवापोटीच केलं. पर सव्वीसला आले आसते तर वाचले आसते, हे माझ्या मनातून जाईना. तुमाला कसं बोलू? तुमी एकवीस वर्षाचं लेकरू. नंतर तुमी लगीनबी केलं न्हाई, आमच्यासाठी राबला. म्या ते गिळलं."

मी म्हणालो, "वहिनी, अण्णा चंपाषष्ठीला गेला. सव्वीसला."

"यंदा सव्वीसला आली चंपाषष्ठी. तिथी काय दरसाली एका तारखेला येती व्हय? त्या साली पाच डिसेंबरला आली होती. ह्यो बघा दाखला. तुमाला दाखवायलाच ट्रंकेतून काढला."

घडी पडलेला, पिवळा कागद. मृत्यूचा दिनांक ०५/१२/१९९७.

वार जुळले, तारखा जुळल्या, आणि मी समजलो की सगळं जुळलं. कॅलेंडरमध्ये तारखेखाली बारीक अक्षरात तिथी छापलेली असते. ती दर साली सरकते, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. देव काल नळदुर्गला गेला, असं अण्णा मंगळवारी म्हणाला होता, त्याच्याकडं मार्गशीर्षच सोमवारी लागला होता, आणि मी हसलो होतो.

मी वळलो. पडद्यावर निरोप येऊन पडला होता. "निघालो ढब्बू. घरी जेवायला थांब." दहा वाजून बावन्न मिनिटं.

मी लिहिलं, "निघू नको." यंत्रानं सांगितलं, पडदा तीनवर कुणी नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. यंत्र बंद करून परवाची तारीख टाकली, तीन नंबर रिकामा. सोमवारची टाकली, रिकामा. अठरा नोव्हेंबर टाकली. अण्णा आता कुठल्याच दिवशी खुर्चीवर नाही. तो गाडीवर आहे.

वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "रडू नका. म्या तुमाला कवाच माफ केलं. अठ्ठावीस वर्सं झाली त्याला."

त्यांना कसं सांगू की मंगळवारी दुपारी, इथंच बसून, मी त्याला ये म्हणालो?

आता पावणेबारा झालेत. वहिनी समोरच्या खुर्चीत बसल्या आहेत, घरी चला म्हणतात, वांगी भाजून ठेवलीत. मी त्यांना थोडं थांबा म्हणालो आणि हे लिहायला घेतलं. अण्णा तुळजापूर मागं टाकून नळदुर्गाकडं निघालेला असेल. साडेबाराला अजून पाऊण तास आहे.